खुनासह दरोड्याच्या शिक्षेविरुद्ध अपील: नव्या वकिलासाठी आणि बंद्याच्या घरच्यांसाठी

सत्र न्यायालयाचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले की नातेवाईक उच्च न्यायालयाच्या गावी येतात. आरोपी सहा असले, तरी सहा घरांची मिळून दोनच माणसे आलेली असतात. त्यांच्या पिशवीत निकालपत्राची एक झेरॉक्स असते आणि सर्वांचे मिळून एकच अपील केले तर खर्च किती येईल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. नव्या वकिलाची पहिली चूक बहुधा याच प्रश्नाचे उत्तर देताना होते. दरोडा टोळीने घातला असे सरकार पक्ष म्हणत असला, तरी अपील टोळीचे नसते. ते एकेका माणसाचे असते, आणि प्रत्येकाविरुद्धचा पुरावा वेगळा मोजावा लागतो. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती आधी सांगून टाकली.

कलम नेमके काय म्हणते

पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून जबरी चोरी केली किंवा करण्याचा प्रयत्न केला, तर तो दरोडा होतो. दरोडा घालताना त्या पाचांपैकी कोणीही एकाने खून केला, तर सगळेच खुनासह दरोड्याचे दोषी ठरतात. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल, तर व्याख्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९१ मधून आणि शिक्षा कलम ३९६ मधून येते. त्या दिवसापासून पुढच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१० लागू होते आणि खुनासह दरोडा त्याच्या पोटकलम (३) मध्ये आहे. दोन्हीकडे मृत्युदंड आणि आजीव कारावास आहेच. मात्र जुन्या कलमात तिसरा पर्याय दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा होता, तर नव्या कलमात तो दहा वर्षांपेक्षा कमी नाही अशा सक्तमजुरीचा आहे. जुन्या घटनेला नव्या कलमाची ही किमान मर्यादा लावता येत नाही. शिक्षा कमी करण्याचा युक्तिवाद करायचा असेल, तर कोणती संहिता लागू आहे हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे.

खून कोणाच्या हातून झाला हे सरकार पक्षाला या कलमाखाली सिद्ध करावे लागत नाही, ही या कलमाची खरी धार आहे. खुनाच्या कलम ३०२ ला समान उद्देशाचे कलम ३४ जोडून शिक्षा दिली असेल, तर समान उद्देश दाखवावा लागतो. इथे दरोड्यातला सहभाग पुरतो. म्हणून ‘माझ्या अशिलाच्या हातात काठी होती, वार दुसऱ्याने केला’ हा बचाव कलम ३९६ ला फारसा लागत नाही, आणि नवे वकील नेमके त्यावरच दहा पाने खर्च करतात. कलम ३९७ मात्र, म्हणजे न्याय संहितेचे कलम ३११, वेगळे आहे. त्यातली सात वर्षांची किमान शिक्षा ज्याने स्वतः प्राणघातक शस्त्र वापरले किंवा जबर दुखापत केली त्यालाच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या फूलकुमार निकालात सांगितले. त्याच निकालानुसार शस्त्र समोरच्याला दिसेल असे धरून दहशत बसवणे हादेखील वापरच ठरतो. सत्र न्यायालयाने कलम ३९७ ची शिक्षा सरसकट सर्व आरोपींना दिलेली पुष्कळ निकालपत्रांत आढळते, आणि तिथे अपिलाला हक्काचा मुद्दा मिळतो.

‘दरोडा घालताना’ या शब्दांचा पसाराही समजून घ्यावा. ऐवज न मिळता पळून जाताना पाठलाग करणाऱ्या गावकऱ्याला मारले, तरी तो त्याच घटनाक्रमाचा भाग ठरू शकतो, असे १९५७ च्या श्याम बिहारी निकालात म्हटले आहे. मात्र दरोडा आटोपून टोळी पांगल्यावर दोन दिवसांनी वाटणीच्या भांडणात झालेला खून या कलमात बसवता येणार नाही. वेळ आणि अंतर यांचा हिशेब घटनास्थळाच्या पंचनाम्यावरून आणि नकाशावरून करावा, निकालपत्राच्या वर्णनावरून नव्हे.

मुदत आणि न्यायालय

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्धचे अपील उच्च न्यायालयात जाते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३७४(२) खाली होते, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४१५(२) खाली आहे. मुदत कायद्यानुसार साठ दिवस मिळतात, मृत्युदंड असेल तर तीसच. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला लागलेला वेळ या हिशेबातून वगळला जातो आणि सबळ कारण असेल तर विलंब माफही होतो. तुरुंगातल्या माणसाचा विलंब उच्च न्यायालय सहसा ताणून धरत नाही, पण अर्जात तारीखवार कारण लिहिले नाही, तर तो अर्जच महिनोन्‌महिने बोर्डावर येत राहतो. प्रकरणात मोक्का (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) लावलेला असेल, आणि महाराष्ट्रात दरोड्याच्या टोळ्यांवर तो लावला जातो, तर १९९९ च्या त्या कायद्याच्या कलम १२ नुसार मुदत तीस दिवसांचीच आहे. साठ दिवस गृहीत धरून निवांत बसलेला वकील मी पाहिला आहे, त्यामुळे निकालपत्राच्या शीर्षकात ‘विशेष खटला’ हे शब्द आहेत का, तेवढे आधी वाचावे.

मुंबई उच्च न्यायालयाचे काम मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा या पीठांतून चालते, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या फिरत्या पीठातूनही. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या नातेवाइकांची मुंबईची खेप त्यामुळे वाचली आहे. जन्मठेपेचे अपील दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालते.

शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. तुरुंगात असलेला माणूस अधीक्षकांमार्फतही अपील दाखल करू शकतो आणि उत्पन्न कितीही असले तरी कोठडीतल्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. शेत गहाण टाकून फी भरायला निघालेल्या कुटुंबाला हे सांगणे वकिलाचे काम आहे. फी बुडते म्हणून ते टाळू नये.

एक वकीलपत्र की सहा?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. एकाकडून ऐवज निघाला आणि दुसऱ्याकडून काहीच निघाले नाही. एकाला साक्षीदाराने ओळखले आणि दुसऱ्याला ओळखले नाही. अशा दोघांचे हित एकाच वकिलाच्या तोंडून नीट मांडले जात नाही. ‘हा तिथे नव्हता’ असे म्हणताना ‘तो होता’ हे आपोआप सूचित होते. म्हणून कागद वाचून होईपर्यंत सर्वांचे वकीलपत्र घेऊ नये, आणि हितसंबंध एकमेकांवर उठत असतील, तर काही नातेवाइकांना दुसरा वकील पाहायला स्पष्ट सांगावे. अपिले वेगळी दाखल झाली तरी ती एकत्रच ऐकली जातात, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

ज्याने अपीलच केले नाही, त्याचाही विचार करून ठेवावा. ज्या कारणाने एक सुटला तेच कारण त्यालाही तंतोतंत लागू असेल, तर न्यायालय त्याला लाभ देऊ शकते. मात्र तो कोण, कोणत्या तुरुंगात आहे आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा तोच आहे, हे न्यायालयाच्या नजरेस कोणीतरी आणून द्यावे लागते.

कागद वाचण्याची पद्धत

निकालपत्र शेवटी वाचावे, असे मी ज्युनिअरना सांगतो आणि ते हसतात. पण निकालपत्रात कथा जुळवून लिहिलेली असते आणि एकदा ती डोक्यात बसली की साक्षीतल्या फटी दिसेनाशा होतात. आधी फिर्याद, मग घटनास्थळाचा पंचनामा, मग अटकेचे कागद, ओळख परेडचे कागद, निवेदन (वस्तू काढून देतो असे आरोपीचे सांगणे) आणि जप्तीचे पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषकांचा अहवाल, त्यानंतर साक्षीदारांचे सरतपास व उलटतपास, मग आरोपींचे जबाब, आणि सर्वांत शेवटी निकाल, असा क्रम ठेवावा.

वाचताना मोठ्या कागदावर एक तक्ता आखावा. उभे रकाने आरोपींचे: आरोपी क्र. १, २, ३ असे. आडव्या ओळी पुराव्याच्या: फिर्यादीत नाव किंवा वर्णन, अटकेची तारीख, ओळख परेडची तारीख, कोणत्या साक्षीदाराने ओळखले, न्यायालयात ओळखले का, काय जप्त झाले, कुठून, पंच कोण, तो पंच फितूर झाला का, रक्ताचा गट. प्रत्येक चौकटीत निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदाला न्यायालयाने दिलेला) आणि साक्षीतला परिच्छेद लिहावा. सहा आरोपींचा तक्ता भरून झाला की बहुधा दोन रकाने गच्च भरलेले, दोन अर्धवट आणि दोन जवळजवळ रिकामे दिसतात. निकालपत्रात मात्र सहाही जणांना ‘वरील पुराव्यावरून’ या दोन शब्दांत एकत्र बांधलेले असते.

पाच ही संख्या

दरोड्यातली संख्या सजावटीची नसते. चार माणसांनी हेच सगळे केले, तर तो दरोडा होत नाही. जबरी चोरी आणि खून होतो आणि त्याची कलमे वेगळी आहेत. त्यामुळे पाच जण होते हे कोणत्या पुराव्यावरून ठरले, हा प्रश्न प्रत्येक अपिलात विचारावा. फिर्यादीची भाषा ठरलेली असते: ‘पाच ते सहा अनोळखी इसम, वय अंदाजे २५ ते ३०, अंगात पँट-शर्ट, तोंडाला रुमाल बांधलेले, मराठी व हिंदी बोलणारे.’ उलटतपासात फिर्यादी म्हणते की घरात तिघे आले आणि बाहेर आवाज येत होते. बाहेरचे दोघे कोणी पाहिले? ते आले कुठून: साक्षीतून, की आरोपपत्रातल्या आरोपींच्या संख्येतून?

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. पाच जणांना शिक्षा झालीच पाहिजे असे नाही. पाच किंवा अधिक जण सामील होते असे पुराव्यावरून दिसत असेल आणि त्यांतले काही सापडले नाहीत किंवा ओळखले गेले नाहीत, तर उरलेल्या तिघांची दरोड्याची शिक्षाही टिकते. १९७३ च्या सक्तू निकालाचा आशय हाच आहे. याउलट ठरावीक नावाच्या आरोपींनीच दरोडा घातला असा आरोप असेल, त्यांतले बहुतेक निर्दोष सुटले असतील आणि आणखी अनोळखी साथीदार होते असा निष्कर्ष कोणीही काढलेला नसेल, तर उरलेल्यांवर दरोडा टिकत नाही. १९८३ च्या राम लखन निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच म्हटले. म्हणून सत्र न्यायालयाने कोणाला सोडले आणि सोडताना कोणते शब्द वापरले, हे परिच्छेद बारकाईने वाचावेत; ‘हा त्या टोळीत नव्हता’ आणि ‘याच्याबाबत संशयाचा फायदा’ या दोन वाक्यांच्या परिणामात फरक पडू शकतो.

संख्या पडली म्हणून माणूस लगेच घरी जातो असेही नाही. अपील न्यायालय कलम बदलून कलम ३०२ किंवा ३९४ (जबरी चोरी करताना दुखापत) खाली शिक्षा कायम ठेवू शकते, फक्त आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवू शकत नाही. आपला मुद्दा यशस्वी झाल्यावर न्यायालय पुढे काय करील, याचे उत्तर युक्तिवादाला उभे राहण्याआधी तयार असावे.

ओळख

या गुन्ह्याची अपिले बहुतांशी इथेच जिंकली किंवा हरली जातात, म्हणून इथे थांबून वाचावे.

समजा, शेतवस्तीवरचे घर आहे, रात्रीचे दीड वाजले आहेत, अंगणात एक बल्ब आहे. दार फोडून माणसे आत आली, घरधन्याच्या डोक्यात पहार बसली, बायकोला आणि सुनेला कोपऱ्यात बसवून अंगावरचे दागिने ओरबाडले गेले. सगळे वीस मिनिटांत. सून पुढे चार आरोपींना ओळखते. ती खोटे बोलते असे म्हणणे सहसा चुकीचे असते आणि न्यायालयाला ते रुचतही नाही. प्रश्न तिच्या प्रामाणिकपणाचा नसून तिला दिसले किती याचा असतो. बल्ब घटनास्थळाच्या पंचनाम्यात नोंदलेला आहे का? दरोडेखोरांनी तो फोडला असे फिर्यादीतच आहे का? रुमाल कोणाचा सुटला होता, आणि कधी? तिच्या पहिल्या जबाबात एकाचे तरी वर्णन आहे का: ठेंगणा, गालावर व्रण, तोतरा? वर्णन नसताना ओळख मात्र अचूक असेल, तर तिचे मूळ शोधावे लागते.

न्यायालयातली ओळख हा मूळ पुरावा. तुरुंगात घेतलेली ओळख परेड त्याला केवळ बळकटी देते. पण अनोळखी माणसाला पहिल्यांदा थेट आरोपीच्या पिंजऱ्यात, घटनेनंतर तीन-चार वर्षांनी ओळखणे हा फार तकलादू पुरावा असतो, म्हणून परेड महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात ती नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये तिची पद्धत दिली आहे: एका संशयितामागे किमान सहा डमी (त्याच्यासारखी दिसणारी दुसरी माणसे), दोघे असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये सहसा दोनपेक्षा अधिक संशयित नकोत. पोलीस तिथे असता कामा नयेत. परेडच्या पंचनाम्यात डमींची वये आणि अंगलट लिहिलेली असतात; ती वाचावीत. तेवीस वर्षांच्या संशयितासोबत पंचेचाळिशीचे डमी उभे केलेले असतील, तर त्या परेडमध्ये ओळखण्यासारखे काही उरत नाही.

तारखा पाहाव्यात. अटक आणि परेड यांच्यात किती दिवस गेले आणि त्या दिवसांत आरोपी कुठे होता? पोलीस कोठडीच्या रिमांडच्या रोजनाम्यात आरोपीला बुरख्यात हजर केल्याची नोंद आहे का? स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला होता का? विनाकारण झालेल्या उशिरामुळे परेडचे वजन घटते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले आहे. मात्र ‘उशीर झाला’ एवढे म्हणून भागत नाही. त्या उशिरात साक्षीदाराला आरोपी दिसण्याची संधी कशी मिळाली, हे कागदावरून दाखवावे लागते.

ओळखीच्या चुकीची किंमत काय असते, हे ५ मार्च २०१९ च्या निकालात वाचायला मिळते. २००३ मधल्या महाराष्ट्रातल्या एका दरोड्यात घरातल्या लोकांचे खून झाले, बलात्कार झाला. सहा जणांना शिक्षा झाली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांचा मृत्युदंड ठरवला. दहा वर्षांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच प्रकरण पुन्हा ऐकले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले वेगळेच चार गुन्हेगार ओळखले होते आणि त्यांच्या दिशेने तपासच झाला नव्हता. सहाही जण निर्दोष ठरले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला झाला. भटक्या समाजातली ही माणसे सोळा वर्षे तुरुंगात होती. निकालावर नाव आहे, पण ते मी इथे लिहीत नाही, ज्याला हवे त्याने तारखेवरून शोधावे. अल्बममधली ती ओळख घटनेनंतर लगेचच झाली होती, हे मात्र प्रत्येक ज्युनिअरने ध्यानात घ्यावे. त्या सहांपैकी एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचेही शिक्षेनंतर पुढे आले. वयाचा मुद्दा बाल न्याय कायद्याच्या कलम ९ खाली कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरही उपस्थित करता येतो, त्यामुळे पहिल्याच भेटीत शाळेचा दाखला मागावा.

निवेदन, जप्ती आणि दागिने

ओळख कच्ची असली की सरकार पक्ष जप्तीवर उभा राहतो. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. पण तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढाच भाग चालतो. पुरावा कायद्याचे हे कलम २७ आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ चे परंतुक झाले आहे, आणि त्याचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोटय्या प्रकरणात लावला तोच आजही चालतो. ‘दरोड्यात लुटलेले मंगळसूत्र मी गोठ्यात पुरले आहे, काढून देतो’ या वाक्यातला ‘दरोड्यात लुटलेले’ हा भाग बाद. गोठा आणि पुरलेली वस्तू एवढेच उरते.

एक पंचनामा जवळून पाहू. निवेदन पंचनामा सुरू १०.१५, संपला १०.४०, जप्ती पंचनामा सुरू ११.०५. पोलीस ठाण्यापासून गोठा सदतीस किलोमीटर, वाटेत घाट. पंचवीस मिनिटांत सरकारी गाडी तिथे पोहोचली कशी? ठाण्याच्या डायरीत गाडी निघाल्याची नोंद ११.३० ची. हेच दोन पंच त्याच दिवशी आणखी दोन आरोपींच्या जप्तीलाही हजर आहेत आणि तिन्ही निवेदनांची भाषा शब्दशः एक आहे. मुद्देमाल सीलबंद केल्याचा उल्लेख एकाच पंचनाम्यात आहे. माझ्या पहिल्याच अपिलात असा एक पंचनामा होता आणि मी तो तीनदा वाचूनही वेळा पाहिल्या नव्हत्या. सिनिअरने पेन्सिलने अंतर लिहून कागद माझ्याकडे सरकवला, तेव्हा मला तो दिसला.

एकाच माहितीचे श्रेय तीन आरोपींना वाटून देता येत नाही. जागा आधीच पोलिसांना माहीत झाली असेल, तर दुसऱ्या आरोपीने ती ‘दाखवली’ याला फारसा अर्थ राहत नाही. जागा सर्वांना खुली होती की त्याच्याच ताब्यातली, हेही पाहावे.

दागिन्यांच्या बाबतीत आणखी एक घोळ असतो. वाटीचे मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, काळ्या मण्यांची पोत या वस्तू गावोगाव सारख्याच असतात. फिर्यादीत वजन आणि घडण लिहिलेली होती का, सोनाराची पावती आहे का, ओळखताना त्यासारखे दुसरे दागिने मिसळले होते का, की टेबलावर एकच डोरले ठेवून ‘हे तुमचेच ना’ असे विचारले गेले? मालकिणीची ओळख खरी असू शकते. झिजलेली वाटी ती अंधारातही सांगेल. पण ती खूण तिने जप्तीआधी सांगितलेली असावी.

ऐवज खरोखर लुटीचाच ठरला, तरी पुढचा प्रश्न शिल्लक राहतो: तो बाळगणारा दरोडेखोर, की नंतर घेणारा? चोरीनंतर लगेच मालाचा ताबा सापडला, तर तो चोर किंवा घेणारा असे गृहीत धरता येते. पण केवळ ताब्यावरून खून सिद्ध होत नाही, असे १९५६ च्या संवत खान निकालात म्हटले आहे. उलट खून आणि लूट एकाच घटनेचे भाग असतील आणि ताबा अगदी जवळच्या काळातला असेल, तर काही निकालांनी खुनाचाही निष्कर्ष मान्य केला आहे. आपल्या प्रकरणात मध्ये किती दिवस गेले, यावर बाजू ठरते. हा मुद्दा कोरडा नाही. चोरीचा माल घेण्याच्या कलम ४११ खाली कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे, त्यामुळे सहा वर्षे आत काढलेला माणूस त्या कलमावर आला, तर वजावटीत त्याच दिवशी सुटतो. कलम ४१२ मध्ये मात्र माल दरोड्यातला असल्याचे माहीत असल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून कलम बदलून मागताना आकडा तपासून मागावा.

उरलेला पुरावा थोडक्यात

सीसीटीव्ही आणि मोबाईलच्या कॉल नोंदी असतील, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पाहावे. ते नसेल तर २०२० च्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालाचा आधार मिळतो. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून आलेला तो निकाल आज फौजदारी न्यायालयांत रोज वाचला जातो. टॉवरच्या नोंदीवरून माणूस तालुक्यात होता एवढे कळते, अंगणात होता हे नाही. सहआरोपीची कबुली दुसऱ्याविरुद्ध मूळ पुरावा ठरत नाही. मोक्क्यात मात्र पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, त्यामुळे तिथे ती नोंदवण्याची प्रक्रिया ओळीओळीने तपासावी. न्यायालयाने घेतलेल्या आरोपीच्या जबाबात जी परिस्थिती त्याला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. १९८४ च्या सारडा निकालात हेही आहे आणि परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी हेही. पाच आरोपींना एकच छापील प्रश्नावली दिलेली असेल, तर हा मुद्दा फळतो.

अपिलाचा मसुदा आणि शिक्षेला स्थगिती

‘निकाल कायद्याला व पुराव्याला धरून नाही’ असली कारणे लिहून जागा अडवू नये. प्रत्येक कारणात साक्षीदाराचा क्रमांक, परिच्छेद आणि निशाणी असावी. दहा ठोस कारणे चाळीस मोघम कारणांपेक्षा वजनदार ठरतात.

अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामिनासाठी अर्ज करावा. जुन्या संहितेत कलम ३८९, नव्यात ४३०. अशा गुन्ह्यात सरकारी वकिलांना लेखी म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय आदेश होत नाही, त्यामुळे पहिल्याच तारखेला जामीन मिळेल असे घरच्यांना सांगू नये. अर्जात सगळा तक्ता ओतू नये. ज्याचा रकाना रिकामा आहे त्याचा अर्ज आधी लावावा आणि केवळ त्याच्याविरुद्ध काय नाही एवढेच लिहावे. अपील वर्षानुवर्षे ऐकले जात नसेल, तर ते कारणही स्वतंत्रपणे उपयोगी पडते. अपील ऐकण्याची सोय नसताना माणसाला आत ठेवणे न्याय्य नाही, असे १९७७ च्या कश्मीरासिंग निकालात म्हटले आहे. खटल्याच्या काळात तो जामिनावर होता का, त्याने अट मोडली का, किती वर्षे भोगली, याचे तुरुंगाचे प्रमाणपत्र जोडावे.

कलमाच्या नावाचे परिणाम तुरुंगातही होतात. फर्लो आणि पॅरोल, म्हणजे बंद्यांच्या रजा, यांच्या १९५९ च्या नियमांत कलम ३९२ ते ४०२ चे बंदी फर्लोसाठी अपात्र ठरवले होते, त्यामुळे ३९६ जाऊन ३०२ राहिले तरी शिक्षा तीच, पण रजेचा हिशेब बदलतो. सुनावणीच्या वेळी लागू असलेले नियम पाहून हा मुद्दा अशिलाला समजावून द्यावा.

मृत्युदंड असेल तर

मृत्युदंड उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. सत्र न्यायालय प्रकरण स्वतःहून पाठवते आणि उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने पाहते. तरीही स्वतंत्र अपील करावेच. १९८० च्या बचनसिंग निकालापासून मृत्युदंड विरळातील विरळ प्रकरणातच द्यावा ही कसोटी आहे, आणि २०२२ मध्ये इंदूरच्या लुटीतल्या तिहेरी खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक यांची माहिती सुरुवातीपासून गोळा करण्याबाबत सूचना दिल्या. ही माहिती नातेवाइकांकडूनच मिळते, म्हणून त्यांच्याशी निवांत बसून बोलावे लागते. कॉरिडॉरमध्ये उभ्याने ते काम होत नाही.

निकालाच्या दिवशी

उच्च न्यायालयातही शिक्षा कायम राहिली, तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. त्यासाठी सर्वसाधारणपणे नव्वद दिवस असतात. सुटका झाली, तर आदेशाचा शेवटचा भाग न्यायालयातच काळजीपूर्वक वाचावा. प्रत्येक अपीलकर्त्याचे नाव आणि क्रमांक बरोबर आहे का, दंड परत करण्याचा उल्लेख आहे का, हे पाहावे. टोळीच्या प्रकरणात आडनावे सारखी असतात आणि एका अक्षराच्या चुकीने तुरुंगाचे दार आणखी चार दिवस बंद राहते. ‘अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास’ हे शब्द आदेशात असतातच, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या जुन्या केसचे वॉरंट प्रलंबित आहे का, याची चौकशी महिनाभर आधी करून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयात अपील झाल्यास हजर राहीन, असे सहा महिन्यांसाठीचे बंधपत्रही सुटणाऱ्याकडून घेतले जाते. त्याचा कोरा नमुना आणि जामीनदाराची कागदपत्रे त्या दिवशी फायलीतच असावीत.